शिरेतील लेझर आणि शिरेतील फोम

पायाच्या फुगलेल्या शिरांवर मोठी चिरफाड न करता, केवळ सुईच्या छिद्रातून उपचार होतो, हे आता खानदेशात गावोगावी ठाऊक झाले आहे. त्यात लेझर आणि फोमचे इंजेक्शन अशी दोन नावे कानावर येतात आणि फोम म्हणजे लेझरचाच स्वस्त पर्याय, असा समज होतो. तो बरोबर नाही. दोन्ही उपचार शीर बंदच करतात. पण कोणती शीर आणि कशाने, येथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

जळगावच्या सराफ बाजारात दिवसभर उभे राहणारे विक्रेते असोत वा धुळ्यातील यंत्रमाग कामगार, बिघाड बहुधा सारखाच असतो. हृदयाकडे चढणारे रक्त मागे घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. जांघेजवळची झडप निकामी झाली की मांडीच्या आतल्या बाजूच्या लांब शिरेत रक्त उलटे उतरते आणि पोटरीवरील फांद्या फुगतात. डोळ्यांना फांद्या दिसतात, दोष मात्र वर असतो आणि तो रुग्णाला उभे करून केलेल्या डॉपलर सोनोग्राफीत, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाची दिशा दाखवणाऱ्या तपासणीत, सापडतो.

लेझरचे काम मुख्यतः या सरळ, लांब शिरेवर चालते. सोनोग्राफीवर पाहत गुडघ्याजवळून शिरेत लेझरचा प्रकाश वाहून नेणारे बारीक फायबर सरकवतात आणि त्याचे टोक, जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते त्या संगमाच्या, सुमारे २ सेंटिमीटर अलीकडे ठेवतात. मग शिरेभोवती भुलीचे औषध मिसळलेले भरपूर सलाइन सोडतात. रुग्णाला ही पायरी किरकोळ वाटते, पण उपचाराची सुरक्षितता तिच्यावरच टिकून असते. वेदना थांबते, शीर फायबरवर आवळली जाते आणि भोवतालची त्वचा व मज्जातंतू उष्णतेपासून वाचतात. फायबर हळूहळू मागे ओढताना शिरेची भिंत आतून भाजते व पुढील काही महिन्यांत शीर आक्रसते. अलीकडील यंत्रांत वापरली जाणारी १४७० नॅनोमीटरची तरंगलांबी भिंतीतील पाण्यात अधिक शोषली जाते. रेडिओफ्रिक्वेन्सी या आणखी एका उपचाराचे तत्त्वही उष्णतेचेच. तेथे प्रकाशाऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापणारी नळी असते.

फोममध्ये उष्णता नसते. पॉलिडोकॅनॉलसारखे शीर बंद करणारे औषध दोन सिरिंजांमध्ये हवेबरोबर, साधारणतः १ भागास ४ भाग हवा या प्रमाणात, घुसळून त्याचा फेस करतात. पातळ औषध रक्तात विरळ होते. फेस मात्र रक्त पुढे ढकलून शिरेच्या अस्तराला थेट भिडतो. म्हणूनच फायबर जाऊ शकत नाही अशा नागमोडी फांद्या, जुन्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवलेल्या शिरा आणि घोट्याजवळच्या न भरणाऱ्या जखमेखालील शिरा हे फोमचे खरे क्षेत्र आहे.

मुख्य शिरेसाठी मात्र फोम उणा पडतो, कारण बंद केलेली शीर पुन्हा उघडण्याचे प्रमाण त्यात अधिक असते. ब्रिटनमधील ७९८ रुग्णांच्या चाचणीत ५ वर्षांनंतर लेझर आणि शस्त्रक्रिया यांचे परिणाम फोमपेक्षा सरस ठरले. म्हणून एकाच पायात वर लेझर आणि खाली फोम अशी जोड अनेकदा दिली जाते. फोमनंतर तपकिरी डाग व कडक गाठी काही काळ राहू शकतात. लेझर पोटरीत खालपर्यंत नेल्यास त्वचेला बधिरता येऊ शकते.

दोन्हींपूर्वी एक अट समान आहे. खोल शिरेत पूर्वी गुठळी होऊन वाट अडली असेल, तर वरची फुगलेली शीर रक्ताचा पर्यायी मार्ग झालेली असू शकते आणि ती बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

फोमसाठी पुन्हा यावे लागण्याची शक्यता अधिक असल्यामुळे धडगाव किंवा अक्कलकुव्याहून येणाऱ्या रुग्णाने केवळ एका वेळचा खर्च न पाहता एकूण फेऱ्या विचाराव्यात. उपचारानंतर पायात घट्ट मोजे किती दिवस घालायचे, हेही आधीच विचारावे, कारण मे महिन्यातील भुसावळच्या उन्हात ते निभावणे अवघड असते. उपचारासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी त्याच रात्री बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून परत निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दीर्घकाळ हालचाल न करता बसल्याने खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.