हॅमॉक करकचून ताणला म्हणजे भक्कम झाला, हे खरं नाही

उंचावरच्या वाटेवर झाडं विरळ होत जातात, आणि तिथे एक सल्ला हमखास मिळतो: झाडं एकमेकांपासून लांब असली तर दोरी करकचून ताणा, हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची झोपायची झोळी) भक्कम बसतो. हा सल्ला घातक आहे.

दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर साधारण तुमच्या वजनाइतका ताण येतो. कोन 10 अंशांवर आणलात की तोच ताण वजनाच्या जवळपास तिप्पट होतो. माणूस 70 किलोचा आणि दोरीवर ओढ 200 किलोची! वृक्षरेषेजवळची, म्हणजे ज्या उंचीनंतर झाडं उगवत नाहीत तिथली, खुरटी झाडं अनेकदा पातळ मातीत उभी असतात. आपण पाठ टेकताच बुंधा आत झुकू लागला, मुळाशी माती उचलली गेली, तर लगेच उतरा. सुट्या दगडाला बांधणं त्याहून वाईट, तो अंगावर येऊ शकतो.

मग 30 अंशांचा कोन राखून दोरी उंच बांधावी? झाडांत 8 मीटर अंतर असेल तर ती पावणेतीन मीटरच्या आसपास बांधावी लागते. खुरट्या झाडाला एवढी उंची कुठली! अशा वेळी मला तरी जमिनीवर झोपणंच योग्य वाटतं. हॅमॉकवरची ताडपत्री ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभारा, खाली मॅट अंथरा. मॅट तेवढी घरूनच घेऊन निघा.