पंचगंगेची पातळी आणि दर तासाला नवं होणारं पान

जुलैमध्ये धरणक्षेत्रात पावसानं जोर धरला, की कोल्हापुरात माणसं भेटल्या भेटल्या एकच विचारतात, "पाणी किती फुटावर हाय?" कुठलं पाणी, कुठं मोजलेलं, हे कुणाला सांगावं लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी, एवढाच त्याचा अर्थ. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिल्यावर तर पावसाळ्यात दिवसातून चारदा मोबाइलवर पातळी बघणं अंगवळणीच पडलं.

ही पातळी दाखवणारं वेबपान कसं बनतं? कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून ग्रंथालय नाहीतर हॉस्पिटलची व्यवस्था करायला सांगतात आणि बहुतेक जण ती कुठून तरी उतरवून आणतात. त्यापेक्षा आपल्या नदीच्या पातळीचं पान बनवावं असं मी आग्रहानं सांगेन. विषय ओळखीचा असतो, आकडे सतत बदलतात आणि चूक झाली तर ती लगेच डोळ्यात भरते.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं आणि 1991 मध्ये ते जगाला खुलं झालं. तेव्हा पान म्हणजे एक फाइल होती. कुणीतरी ती एचटीएमएल या पानं लिहायच्या भाषेत लिहायची, सर्व्हरवर, म्हणजे पानं पुरवणाऱ्या कॉम्प्युटरवर ठेवायची आणि मागेल त्याला सर्व्हरनं ती जशीच्या तशी पाठवायची. शोधनिबंधाला हे चालतं. नदीला चालत नाही. दर तासाला फाइल उघडून आकडा बदलायला माणूस बसवला, तरी पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे ओळीनं आहेत. भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशीवरचे वेगळेच. इतकी पानं हातानं ताजी ठेवणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही.

त्यावर तोडगा असा निघाला, की पान आधी लिहून ठेवायचंच नाही. ते कसं बनवायचं याच्या सूचना लिहून ठेवायच्या आणि कुणी मागितलं, की त्या क्षणी सर्व्हरनं ते बनवून द्यायचं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात सीजीआय नावाची पद्धत आली आणि वेब सर्व्हरला बाहेरचा प्रोग्रॅम चालवून त्याचं उत्तर पान म्हणून पाठवता येऊ लागलं. 1994 मध्ये रॅसमस लेरडॉर्फ यांनी आपला बायोडेटा इंटरनेटवर किती जण बघतात हे मोजण्यासाठी काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि 1995 मध्ये ते सगळ्यांना देऊन टाकले. त्यातूनच पुढे पीएचपी ही भाषा वाढली. माय-एसक्यूएल हा डेटाबेस, म्हणजे माहिती तक्त्यांत साठवून हवी तेव्हा काढून देणारा प्रोग्रॅम, तोही 1995 चाच. ही जोडी फुकट मिळत होती, साध्या कॉम्प्युटरवर चालत होती, म्हणून गावोगावच्या क्लासपर्यंत पोचली. आज याच कामाला पायथन आहे, नोड आहे, पण पहिल्यांदा शिकणाऱ्यानं पीएचपीपासून सुरुवात केली तर काही बिघडत नाही. आत काय चाललंय ते तिथं उघडं दिसतं.

एका विनंतीचा प्रवास जवळून बघू. शाहूपुरीतल्या कुणीतरी मोबाइलवर पान उघडलं. विनंती सर्व्हरकडे गेली, त्यात फक्त एवढंच, की बंधारा क्रमांक 1 चं पान हवं. मागितलेली फाइल पीएचपीची आहे हे बघून सर्व्हर ती पाठवत नाही, चालवतो. त्यातली सूचना डेटाबेसला एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारते. तो मोठ्यानं वाचला तर असा ऐकू येईल: सिलेक्ट पातळी, वेळ, फ्रॉम नोंदी, व्हेअर बंधारा बरोबर 1, ऑर्डर बाय वेळ उलट्या क्रमानं, लिमिट 1. म्हणजे या बंधाऱ्याच्या नोंदींतली सगळ्यात ताजी एक ओळ दे. डेटाबेस उत्तर देतो, 478. पीएचपीची ती फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, त्याला 12 नं भागते, 39 फूट 10 इंच असं रूप देते, इशारा पातळी ओलांडली आहे हे बघून वर पिवळी पट्टी लावते आणि तयार एचटीएमएल परत धाडते. सगळं मिळून सेकंदाच्या छोट्याशा भागात. मोबाइलला मिळतं ते नुसतं पान. ब्राउझरमध्ये त्या पानाचा सोर्स उघडून बघितला तर पीएचपीची एक ओळही सापडणार नाही, कारण ती सर्व्हरवरच चालून संपलेली असते. शिकणाऱ्यानं हे स्वतः करून बघावं. सर्व्हरवर काय चालतं आणि ब्राउझरमध्ये काय चालतं, हा फरक त्यानंतर पुन्हा समजवावा लागत नाही.

आता ते 478. पातळी इंचांत का ठेवली? आपल्याकडं 39 फूट 9 इंच हे घाईत 39.9 असं लिहितात आणि 39 फूट 10 इंच हे 39.10 असं. वाचणारा कोल्हापूरकर बरोबर समजून घेतो. डेटाबेसला तो दशांश अपूर्णांक वाटतो, आणि 39.10 म्हणजे 39.1, म्हणजे 39.9 पेक्षा कमी! नदी इंचभर चढली आणि पान सांगतं, पाणी उतरलं. आकड्याऐवजी मजकूर म्हणून ठेवलं तरी सुटका नाही, कारण मजकुराची तुलना अक्षरागणिक होते आणि 9 समोर 10 मधला 1 लहान ठरतो. म्हणून सगळं इंचांत, पूर्णांकात. 39 फूट म्हणजे 468, 43 फूट म्हणजे 516. फूट आणि इंच फक्त दाखवताना बनवायचे. मोजलेली गोष्ट एका रूपात साठवायची आणि माणसाला कळेल अशा रूपात दाखवायची, ही दोन कामं वेगळी आहेत हे या एका उदाहरणात पुरतं दिसतं.

मला इथं सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. शिकणारी मुलं पानाच्या रंगांवर, बटणांवर आठवडे घालवतात आणि डेटाबेसचा तक्ता घाईघाईत उरकतात. खरं शिक्षण तक्ता आखण्यात आहे. 1970 मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडायची आणि तक्ते समान किमतींनी जोडायचे, ही कल्पना गणिताच्या पायावर मांडली. बहुतेक बँका आणि रेल्वे आरक्षणासारख्या व्यवस्था आजही त्याच जातीच्या मांडणीवर चालतात. आपल्या पानाला दोन तक्ते पुरतात. एक बंधाऱ्यांचा: क्रमांक, नाव, नदी, इशारा पातळी, धोका पातळी. दुसरा नोंदींचा: बंधारा क्रमांक, वेळ, पातळी. प्रत्येक नोंदीत बंधाऱ्याचं नाव लिहीत बसलं तर कुठं 'राजाराम', कुठं 'राजाराम बंधारा', कुठं घाईत 'राजारम' पडतं आणि एकाच जागेचे तीन बंधारे होतात. नाव एकदाच लिहायचं, बाकी सगळीकडं क्रमांक. शिवाय 39 आणि 43 हे आकडे राजाराम बंधाऱ्याचे आहेत, शिरोळला ते लावून चालणार नाहीत. ते स्क्रिप्टमध्ये कोंबले तर प्रत्येक गावाला वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागेल. तक्त्यात ठेवले तर एकच स्क्रिप्ट सगळ्या नदीला पुरते.

मराठी नावांचीही काळजी घ्यावी लागते. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. 'राजाराम'मध्ये काना धरून 7 चिन्हं, म्हणजे 21 बाइट. जुन्या तक्त्यांची अक्षरपद्धत पश्चिम युरोपच्या लिप्यांपुरती असते. त्यात हे नाव घातलं तर नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि एकदा प्रश्नचिन्हं साठली, की मूळ नाव परत मिळत नाही. तक्ता, जोडणी आणि पान या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-8 ठरवून घ्यावं. माय-एसक्यूएलमध्ये त्याच्या पूर्ण रूपाचं नाव यूटीएफ8एमबी4.

वेळेचंही तसंच. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढं. पहाटे 5 ची नोंद न बदलता दाखवली तर आदल्या रात्रीचे 11.30 दिसतील आणि तारीखही कालची. पुराच्या रात्री ही किरकोळ चूक नव्हे. पाणी चढताना आंबेवाडी, चिखलीची माणसं जनावरं कधी सोडायची हे नोंद किती ताजी आहे त्यावरच ठरवतात.

म्हणूनच सुरक्षेचा धडा शेवटी ढकलू नये. पानाला बंधारा क्रमांक बाहेरून येतो. तो जसाच्या तसा प्रश्नात चिकटवला आणि कुणी 1 ऐवजी '1 ऑर 1=1' असं पाठवलं, तर ऑर म्हणजे 'किंवा' असल्यानं अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि राजारामच्या पानावर भलत्याच बंधाऱ्याची नोंद येऊ शकते. हीच ढिलाई नोंद दुरुस्त करायच्या फॉर्ममध्ये राहिली तर कुणीही एका फटक्यात अख्ख्या जिल्ह्याची पातळी खोटी करू शकेल. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. 1998 पासून ते जाहीरपणे माहीत आहे आणि तरीही नवशिक्यांच्या कोडमध्ये सर्रास सापडतं. उपाय अवघड नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलं, की प्रश्नाचा सांगाडा डेटाबेसकडे आधी जातो आणि बाहेरून आलेली किंमत मागाहून, निव्वळ किंमत म्हणून. तिच्यात काहीही लिहिलेलं असलं तरी ती हुकूम होऊ शकत नाही. पहिल्या दिवसापासून असंच लिहायची सवय लावावी. दुसरी पद्धत हाताला माहीतच होऊ देऊ नये.

शिकायला साहित्य फारसं लागत नाही. साध्या लॅपटॉपवर झॅम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, की वेब सर्व्हर, पीएचपी आणि माय-एसक्यूएलच्याच वंशातला मारिया-डीबी एकदम मिळतात, आणि लोकलहोस्ट या पत्त्यावर आपलं पान आपल्यालाच दिसतं. इंटरनेट बंद असलं तरी चालतं. आधी तक्ते कागदावर काढा, मग हातानं दहा-वीस नोंदी भरा, मग प्रश्न विचारा. पान सगळ्यात शेवटी.

पान खरंच लोकांसमोर ठेवलं, की वेगळीच अडचण उभी राहते. पाणी 43 फुटांकडे निघालं, की अर्धं शहर एकाच वेळी तेच पान उघडतं. नोंद तासातून एकदा बदलते आणि डेटाबेसला तोच प्रश्न मिनिटाला हजारो वेळा विचारला जातो. अशा वेळी बनवलेलं पान मिनिटभर बाजूला साठवून तेच सगळ्यांना देतात, त्याला कॅशिंग म्हणतात. म्हणजे गर्दीच्या वेळी आपण 1991 च्या साध्या फाइलकडेच थोडे परत जातो, फक्त ती फाइल यंत्र लिहितं. नोंदींच्या तक्त्यात बंधारा आणि वेळ यांवर इंडेक्सही, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सूची, हवा, नाहीतर ताजी ओळ शोधायला डेटाबेस प्रत्येक वेळी सगळ्या ओळी चाळत बसतो.

एक पावसाळा नोंदी साठल्या, की तक्त्याला अवघड प्रश्नही विचारता येतात. नुसती पातळी किती यापेक्षा, पाणी तासाला किती इंचांनी चढतंय हे पुराच्या वेळी जास्त कामाचं. 2018 च्या माय-एसक्यूएल 8 पासून लॅग नावाची सोय आहे, ती प्रत्येक ओळीशेजारी आधीच्या ओळीची किंमत आणून ठेवते. दोन्हींची वजाबाकी केली की चढ मिळाला. मात्र मध्येच दोन तास वीज गेली आणि नोंद झाली नाही, तर ती वजाबाकी एका तासाची नसून तीन तासांची असते. म्हणून इंचांच्या फरकाला दोन नोंदींमधल्या वेळेच्या फरकानं भागायचं, नोंद तासाची आहे असं गृहीत धरायचं नाही.