फाइल घर बदलते तेव्हा गिटला कसं कळतं?

बेळगावात गिट म्हटलं की आधी उद्यमबागेतलं जीआयटी कॉलेज आठवतं लोकांना. हे गिट वेगळं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्यासाठी, लिहिलेलं, कोडमधल्या प्रत्येक बदलाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर.

गेल्या पावसाळ्यात एका फाउंड्रीच्या बिलिंगचं काम चाललेलं. जुनी ब्रँच (ब्रँच म्हणजे त्याच कोडची वेगळी वाट) त्यांच्याकडे चालू, नवीन ब्रँच आमच्याकडे, आणि नवीनमध्ये सगळ्या फाइली मी नीटनेटक्या फोल्डरांत हलवलेल्या. जीएसटीचे पैसे राउंड करताना एक बग सापडला, तो जुन्या ब्रँचवर सुधारला, आणि तेवढाच बदल नवीनवर आणायला चेरी-पिक मारलं, तर गिट म्हणतं कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदल आपोआप बसत नाही, ही फाइल तुमच्याकडे डिलीट झालीय आणि तिकडे बदललीय. अरे डिलीट कुठली, शेजारच्या फोल्डरात बसलीय की! बाजूला बसलेला मित्र, "काय करालायस, हलवताना गिटला सांगितलं नव्हतंस काय?"

सांगून उपयोगच नसतो. गिट फाइल हलली हे कुठेच लिहून ठेवत नाही, फाइल हलवायची गिट एमव्ही कमांड वापरली तरी नाही (मर्क्युरियल हे गिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर मात्र लिहून ठेवतं). गिटकडे असतात फक्त त्या त्या क्षणाचे पूर्ण फोटो, प्रत्येक कमिटचा (म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा) एक. मर्ज करताना, म्हणजे दोन्हीकडचे बदल जोडताना, ते एक जुना फोटो आणि एक नवा फोटो शेजारी ठेवून बघतं, इकडून कुठली फाइल गेली, तिकडे कुठली उगवली, दोन्हींचा मजकूर किती जुळतो. तंतोतंत सारखा असला तर प्रश्नच नाही. थोडा बदलला असला तर साम्य मोजायचं, आणि नेहमीची सीमा 50 टक्के. त्याच्या खाली गेलं की एक डिलीट आणि एक नवी, संपलं.

खडेबाजारातलं कुंद्याचं (आमची बेळगावी मिठाई) दुकान टिळकवाडीत गेलं आणि हळूहळू पावभाजी विकायला लागलं असं समजा. रोजच्या गिऱ्हाइकाला कळतं, तेच दुकान. पण पुण्याहून दोन वर्षांनी गणपतीला आलेल्याला कसं कळणार? गिट हा तो गणपतीला आलेला माणूस. चेरी-पिकमध्ये ते फक्त दोन टोकं बघतं, म्हणजे उचललेल्या कमिटच्या आधीचा फोटो आणि तुमच्या ब्रँचचा आत्ताचा, मधले कमिट बघतच नाही.

म्हणून "हलवणं एका कमिटमध्ये करा, बदल दुसऱ्यात" हा जो सल्ला सगळे देतात तो इतिहास वाचायला भारी आहे, पण चेरी-पिकला वाचवत नाही. मी तर तो पाळला होता, आधी हलवलं, मग बदललं, तरी आपटलो.

फोल्डरचं तर अजून गमतीशीर. 2018 मधल्या 2.18 आवृत्तीपासून गिट अख्खा फोल्डर हलल्याचा अंदाज बांधतं, म्हणजे जुन्या फोल्डरात कुणी नवी फाइल टाकली तर ती नवीन जागी जायला पाहिजे असं ओळखतं, फक्त आताच्या आवृत्त्यांत मनाचं करत नाही, कॉन्फ्लिक्ट दाखवून तुम्हालाच विचारतं. बरंय ते.

मी आधी फाइंड-रिनेम्स ऑप्शननं सीमा 30 टक्क्यांवर आणली. तर भलतीच फाइल जोडीला लावली, कारण आमच्या निम्म्या फाइलींची सुरुवात कॉपी-पेस्ट. शेवटी सरळ मर्ज-फाइल कमांड, तिला तीन फाइली स्वतः हातात द्यायच्या: नवीन जागेवरची आत्ताची, जुन्या जागेवरची बगसकट, आणि जुन्या जागेवरची सुधारलेली. नावं, फोल्डर काही बघत नाही ती. एका ओळीवर अडली, ती हातानं लिहिली, आणि बिलातले पैसे जुळले.