दवाखान्यातला संगणक आणि दीड मीटरचा नियम

रुग्णाला ज्याचा स्पर्शही होत नाही, त्या संगणकाला विजेचे वेगळे नियम कशाला? नागपुरात धंतोली-रामदासपेठेत नवा दवाखाना थाटताना हा प्रश्न हमखास निघतो.

याची सुरुवात १९७०च्या आसपासची. हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक नळ्या, जाऊ लागले आणि कळले, की कातडीचा अडसर नसला तर अगदी क्षीण प्रवाहही हृदयाची लय बिघडवतो. अमेरिकेत तर रुग्णालयांत वर्षाला १२०० जण विजेने दगावतात, असा आकडा गाजला. तो कधीच सिद्ध झाला नाही, पण धास्ती खरी होती. १९७७ साली वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेचे ६०१-१ हे मानक आले. हृदयाला थेट भिडणाऱ्या भागांसाठी नेहमीच्या स्थितीतली मर्यादा आजही १० मायक्रोअँपियर, म्हणजे ०.०१ मिलिअँपियरच आहे.

पुढे संगणक आले आणि पेच पडला. कार्यालयीन यंत्रांच्या मानकात तीन पिनांच्या यंत्राला अर्थच्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या वायरमधून ३.५ मिलिअँपियरपर्यंत विजेची गळती चालते. वैद्यकीय उपकरणाच्या बाहेरच्या भागाला हात लावल्यावर मात्र ०.१ मिलिअँपियर, आणि दोष उद्भवला तरी ०.५ च्या आतच. ही दोन्ही एकमेकांना जोडली तर कोणता नियम लावायचा? त्यासाठी १९९२ मध्ये पूरक मानक निघाले आणि २००५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते कलम १६ म्हणून सामावले. रुग्णाभोवती १.५ मीटरच्या बाहेर साधा संगणक चालतो. आत आणायचा तर जादा अर्थ जोडणी किंवा मुख्य विजेशी थेट संबंध तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. भारतात २०१२ च्या आदेशाने लॅपटॉप, प्रिंटर यांना आयएस १३२५२ या भारतीय मानकानुसार नोंदणी सक्तीची झाली. ती नोंदणी म्हणजे वैद्यकीय वापराची परवानगी नव्हे. वैद्यकीय उपकरणांचे मानक वेगळे, आयएस १३४५०.

हे सगळे गणित अर्थिंग शाबूत आहे असे धरून मांडलेले आहे, आणि नागपुरात गाडी अडते ती इथेच. मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थची वायर जिथे जमिनीत उतरते तो अर्थ पिट कोरडा पडतो, विजेला होणारा रोध वाढतो. अर्थची वायरच कुठे तुटली असेल, तर संगणकाच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर कॅबिनेटवर ११५ व्होल्टच्या आसपास दाब आणून ठेवतात. हात लावला की झिणझिण्या येतात. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर पाच यंत्रे असतील तर पाचांची गळती एकत्र होते. त्यात कूलरच्या पंपाची भर पडली की गळती वाढली की वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी वारंवार पडतो, आणि कोणीतरी तो बायपास करून टाकतो. याहून घातक दुरुस्ती दुसरी नाही. कूलरचे सर्किट वेगळे काढा. संगणक चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मीटरने मोजा: दोन-तीन व्होल्ट ठीक, पन्नासच्या पुढे गेला तर अर्थ तुटला समजा.

अंतर पाळूनही वायर दगा देते. ईसीजी घेताना लॅपटॉपचा चार्जर काढतात, पण यूएसबीने जोडलेला प्रिंटर तसाच राहतो. तो तीन मीटरवर असला तरी त्याची गळती त्याच वायरने लॅपटॉपच्या धातूपर्यंत येते, आणि डॉक्टरांचा एक हात लॅपटॉपवर, दुसरा रुग्णावर असतो. अशा ठिकाणी प्रिंट वायफायने काढावी, किंवा मध्ये विजेचा थेट संबंध तोडणारा यूएसबी आयसोलेटर बसवावा.