पोसादा वेगळी, पास्तोरेला वेगळी

मेक्सिकोतल्या एखाद्या शाळेत नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी डोकावलं, तर पटांगणात ठरावीक मंडळी दिसतात. पुठ्ठ्याचे पंख लावलेली मुलगी, लाल शेपटी सावरत फिरणारा सैतान, घोंगडी पांघरलेले मेंढपाळ, डोक्यावरून निळी ओढणी घेतलेली मरिया. आधी नाटक होतं. मग सगळे मेणबत्त्या घेऊन एका बंद दारासमोर उभे राहून गातात. शेवटी दोरीला टांगलेली पिन्याता फुटते आणि पोरं खाऊवर तुटून पडतात. बाहेरून बघणारा या सगळ्यालाच ‘पोसादा’ म्हणून मोकळा होतो. पण नाटक झालं ती पास्तोरेला. दारासमोरचं गाणं आणि त्यानंतरची पिन्याता ही पोसादा.

घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही प्रथा डिसेंबरातल्या, दोन्हींच्या वाटा बेथलेहेमला जाणाऱ्या, आणि दोन्हींच्या मुळाशी सोळाव्या शतकातले स्पॅनिश धर्मगुरू. तरी एक फरक पक्का लक्षात ठेवावा: पोसादेत प्रेक्षक नसतो, आणि पास्तोरेलेत सैतानाशिवाय पान हलत नाही.

मुळात ही दोन वेगळी कथानकं आहेत. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एका ओळीत येतं, की उतारशाळेत जागा नसल्यामुळे मरियेनं बाळाला गव्हाणीत ठेवलं. बस, एवढंच. कुणी दार वाजवलं, कुणी हाकलून दिलं, यातलं काहीच तिथे नाही. त्या एका ओळीतून पोसादा उभी राहिली. पुढच्याच ओळींत रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत बातमी देतो आणि ते बाळाला बघायला निघतात. त्यांच्या त्या वाटचालीतून पास्तोरेला झाली. म्हणजे पोसादेची गोष्ट जन्माच्या दाराशी येऊन थांबते आणि पास्तोरेलेची गोष्ट जन्माच्या बातमीनं सुरू होते. एकीत योसेफ-मरिया जागा शोधत असतात, दुसरीत मेंढपाळ त्यांना शोधत असतात.

पोसादा १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री चालते. तिची सुरुवात मेक्सिको सिटीच्या ईशान्येला असलेल्या आकोल्मान गावच्या ऑगस्टिनियन मठात झाली, असं मानतात. तिथल्या दिएगो दे सोरिया नावाच्या धर्मगुरूनं १५८७ च्या सुमारास पोप सिक्स्टस पाचवे यांच्याकडून नाताळाआधीच्या नऊ दिवसांत खास मिस्सा, म्हणजे चर्चची सामुदायिक उपासना, करण्याची परवानगी मिळवली. वर्षाच्या याच सुमारास स्थानिक मेशिका (म्हणजे अझ्टेक) लोक आपल्या उइत्सिलोपोच्त्ली देवाचा उत्सव करत आले होते. त्यामुळे लोकांचे सणाचे दिवस न मोडता त्यांतला देव बदलण्याची ही युक्ती होती, हे उघड आहे. मिस्सा होत त्या चर्चच्या मोकळ्या आवारात. अठराव्या शतकात हा प्रकार आवारातून बाहेर पडून गल्ल्यांत आणि घरांत शिरला, आणि तिथेच त्याचं खरं रूप घडलं.

ते रूप असं. अंधार पडला की शेजारपाजारचे लोक एका घरासमोर जमतात. मंडळींचे दोन भाग होतात: अर्धे घरात जाऊन दार लावून घेतात, अर्धे रस्त्यावर थांबतात. बाहेरच्यांच्या हातांत बारक्या मेणबत्त्या, फुलबाज्या आणि गाण्याची झेरॉक्स केलेली पानं. पुढे कुणीतरी योसेफ-मरियेच्या लहान मूर्ती पाटावर घेऊन उभं असतं, किंवा दोन मुलंच त्यांचा वेष करून येतात. बाहेरचे गाण्यातून विनवतात, की बायको चालून थकली आहे, एका रात्रीपुरता आसरा द्या. आतले गाण्यातूनच उत्तर देतात, की ही धर्मशाळा नाही, पुढे चालू लागा, तुम्ही चोर नसाल कशावरून? बाहेरचे सांगतात, मी सुतार, नाव योसेफ. आतले म्हणतात, नाव काही का असेना, झोपू द्या. अशी कडव्यांमागून कडवी झडतात. शेवटी ती बाई कोण आहे हे आतल्यांना उमगतं, चाल एकदम बदलते, दार उघडतं आणि सगळे आनंदानं गात आत घुसतात.

मला यात सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती ही, की नकार देण्याचं काम लोकांनी कुणा खलनायकावर ढकललेलं नाही. तो आपणच, आपल्याच शेजाऱ्यांना, आपल्याच दारातून द्यायचा. आज आत असलेला उद्याच्या घरी बाहेर थंडीत उभा असतो. नुसतं बघत बसण्याची सोयच नाही. ज्याला गाता येत नाही तोही पान बघून पुटपुटतो.

आत गेल्यावर जपमाळ किंवा लितानी नावाची आळवणीची प्रार्थना होते, आणि हल्ली ती बऱ्याच घरांत उरकली जाते, कारण स्वयंपाकघरातून पोन्चेचा वास येत असतो. पेरू, ऊस, सफरचंद, सुके आलुबुखार, चिंच, अंबाडीच्या जातीतलं खामाइका नावाचं लाल फूल, दालचिनी आणि पिलोन्सियो म्हणजे उसाचा गूळ, असं सगळं मोठ्या पातेल्यात उकळून केलेलं हे गरम पेय. त्यात तेखोकोते हवंच. हे पिवळट नारिंगी, बोराएवढं फळ. अमेरिकेत त्याच्या आयातीवर बराच काळ बंदी होती, तेव्हा तिथल्या मेक्सिकन कुटुंबांसाठी ते सीमेवरून चोरून नेलं जाई. पुढे कॅलिफोर्नियात त्याची लागवड झाली. मोठ्यांच्या पेल्यात रमची धार पडते, पण ते धर्मगुरू निघून गेल्यावर.

मग पिन्याता. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं ती काठीनं फोडतात. सात टोकांची चांदणी ही तिची जुनी घडण. आत मातीचं मडकं, वर कागदाचे थर आणि रंगीत झिरमिळ्या. हल्ली फुटकी खापरं डोक्यात पडू नयेत म्हणून मडक्याऐवजी नुसता पुठ्ठा असतो. सात टोकं म्हणजे सात महापापं, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे आंधळी श्रद्धा, काठी म्हणजे सदाचाराचं बळ, आणि वरून बरसणारा खाऊ म्हणजे कृपा. खाऊ म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, संत्री, उसाचे तुकडे, खिकामा नावाचा कंद आणि साखरेच्या गोळ्या. आकोल्मान आजही पिन्यातांसाठी प्रसिद्ध आहे आणि डिसेंबरात तिथे पिन्यातांची जत्रा भरते. ज्या मुलांना तिथे रांगेत उभं राहायचं असतं, त्यांना या प्रतीकांशी काही देणंघेणं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

हीच सात पापं पास्तोरेलेतही येतात, आणि इथेच दोन्हींची सरमिसळ होते. फरक असा, की पोसादेत पापं टांगलेली असतात आणि काठीनं फुटतात; पास्तोरेलेत ती चालतात, बोलतात आणि बऱ्याचदा मेंढपाळांपेक्षा जास्त टाळ्या घेतात.

पास्तोरेलेचं मूळ स्पेनमधल्या मध्ययुगीन धार्मिक नाटकांत आहे. १५२४ मध्ये मेक्सिकोत पोचलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना लवकरच कळून चुकलं, की प्रवचनापेक्षा नाटक लोकांच्या गळी सहज उतरतं. त्यांनी तिथल्या नहुआत्ल भाषेत नाटकं बसवली, स्थानिक लोकांनाच भूमिका दिल्या आणि मठांची प्रशस्त आवारं रंगमंच म्हणून वापरली. नाताळची गोष्ट या पद्धतीत सहज बसली.

कथानक ठरलेलं आहे. मेंढपाळांना जन्माची बातमी कळते, ते शिधा बांधून निघतात. लुस्बेल म्हणजे लूसिफर हे ऐकून चवताळतो आणि आपली पिल्लावळ वाटेत पेरतो. कुणी खाण्याचा मोह घालतं, कुणी पैशाचा, कुणी बाईचं रूप घेऊन येतं. मेंढपाळ भोळे, त्यात बार्तोलो नावाचा एक इतका आळशी, की तारणहार जन्मला तरी हा अंथरूण सोडायला तयार नाही. बातो आणि हिला ही आणखी दोन ठरलेली नावं. बऱ्याच संहितांत एक म्हातारा बैरागीही असतो, आणि सैतान सगळ्यात आधी त्यालाच फशी पाडतो. शेवटी सान मिगेल, म्हणजे देवदूत मायकल, तलवार घेऊन येतो, सैतानाला पायाखाली घेतो आणि मेंढपाळ गव्हाणीपाशी पोचतात.

कागदावर नायक मेंढपाळ. पण गर्दी येते ती सैतानासाठी. कोकणातल्या दशावतारात लोक संकासुराची वाट बघतात, तसंच हे. नियमाबाहेरचं बोलण्याची मुभा त्यालाच. महागाई, नेतेमंडळी, त्या वर्षीचे घोटाळे, गावातली लफडी, सगळं त्याच्या तोंडी येतं, आणि संहिता दरवर्षी नव्यानं लिहिली जाते. धर्मसत्तेला हे पचणं अवघडच होतं. वसाहतकाळात उच्छृंखल प्रयोगांवर बंदी घालण्याचे प्रयत्न झाले. ते टिकले नाहीत. मेक्सिको सिटीच्या उत्तरेला तेपोत्सोत्लानच्या जुन्या जेझुइट संकुलात होणारी पास्तोरेला आज तिकीट काढून बघायला लोक जातात. मिचोआकान राज्यातल्या तोकुआरो गावात सैतानाचे लाकडी मुखवटे कोरणारी घराणी आहेत. शिंगांवर साप, गालांवर सरडे असे ते मुखवटे बघितले, की कारागिराचं मन देवदूतात नव्हतं हे लगेच कळतं.

पोसादेची संहिता मात्र जवळपास गोठलेली आहे. तीच कडवी, तीच चाल; आजीच्या तोंडची आणि नातीच्या हातातल्या पानावरची एकच. त्यात राजकारणाची भर कुणी घालत नाही. बदल झाला तो भोवतालच्या जेवणावळीत. आता मेक्सिकोत ‘पोसादा’ हा शब्द ऑफिसच्या वर्षअखेरीच्या पार्टीलाही वापरतात. तिथे लकी ड्रॉ असतो, डीजे असतो, साहेब दोन पेले चढवून नाचतात आणि योसेफ-मरियेचा पत्ता नसतो. तारखेचंही बंधन नाही. १६ तारखेच्या आधी होणाऱ्या अशा पार्ट्यांना ‘प्री-पोसादा’ असं सरळ नावच पडलं आहे. जुन्या वळणाच्या बायका यावर नाकं मुरडतात आणि तरीही जातात.

सीमेपलीकडेही दोन्ही प्रथा आपापल्या वाटेनं गेल्या. लॉस एंजेलिसच्या ऑल्वेरा स्ट्रीटवर नऊ रात्री पोसादेची मिरवणूक निघते. तिच्यात कुणीही मेणबत्ती घेऊन सामील होऊ शकतं. पास्तोरेला मात्र कॅलिफोर्नियातल्या सान हुआन बाउतिस्ता गावाच्या जुन्या चर्चमध्ये ‘तेआत्रो काम्पेसिनो’ ही शेतमजुरांच्या चळवळीतून जन्मलेली नाटकमंडळी करते. तिथे मेंढपाळ आणि सैतान हे नाट्यसंस्थेच्या हाती गेले, तर दार वाजवणं गल्लीच्याच हाती राहिलं.

बोलावणं आलंच, तर तयारी वेगवेगळी करावी लागते. पोसादेला वेळेवर पोचावं. उशीर झाला तर दार आधीच उघडलेलं असतं आणि बाहेर उभं राहण्याची मजा हुकते. अंगावर जाड कपडे हवेत, कारण पठारावरच्या शहरांत डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गार असतात. पास्तोरेलेला आधी जाऊन पुढची जागा धरावी आणि निघण्यापूर्वी त्या आठवड्याचं वर्तमानपत्र चाळून घ्यावं, नाहीतर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. आणि २४ डिसेंबरनंतर मेक्सिकोत उतरलात तर पोसादा त्या वर्षापुरती संपलेली असते. पास्तोरेलेचं तसं नाही. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण उलटून गेल्यावरही काही गावांत ती चालू असते; तोकुआरोचे मुखवटेवाले सैतान तर २ फेब्रुवारीला, कांदेलारिया या सणाच्या दिवशी, रस्त्यावर उतरतात.