हुशार घोडा आणि पूर्वनोंदणी

मानसशास्त्रातला अलीकडचा शोधनिबंध उघडला, की पद्धतीच्या भागात कधीकधी दोन गोष्टी आढळतात. नोंदी घेणाऱ्यांना कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नव्हतं आणि अभ्यासाची पूर्वनोंदणी केलेली होती, म्हणजे तो कसा करायचा हे आधीच लिहून जमा केलेलं होतं. वाचणारे हे ओलांडून थेट निष्कर्षाकडे जातात. माझ्या मते निष्कर्षावर विश्वास ठेवायचा की नाही, हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा प्रयोग करणाऱ्याच्या अपेक्षेनं निकाल बदलेल, ही काळजी कुणाला फारशी नव्हती. हेर्मान एबिंगहाउस यांनी तर निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, आपण किती विसरलो ते स्वतःच मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. त्यांची आकडेमोड आजही टिकून आहे, पण प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो, दोघं एकच.

धडा मिळाला बर्लिनमधल्या एका घोड्याकडून. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकांचा हान्स खुरानं ठोके देऊन बेरजा करायचा, तारखा सांगायचा. १९०४ मध्ये नेमलेल्या समितीला त्यात कसलीही लबाडी सापडली नाही, आणि ती नव्हतीच. मग मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी वेगळी परीक्षा घेतली. फॉन ऑस्टेन यांनी घोड्याच्या कानात एक आकडा कुजबुजायचा, फुंग्स्ट यांनी दुसरा. बेरीज किती, हे दोघांपैकी एकालाही माहीत नाही. आता हान्सला उत्तर येईना. प्रश्न विचारणारा खुराकडे पाहायला किंचित वाकायचा आणि बरोबर आकड्यावर त्याचं डोकं नकळत जरासं वर उचललं जायचं. घोडा नेमका तिथे थांबायचा. खूण कळल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची ती हालचाल थोपवणं जड गेलं. मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. प्रामाणिकपणा होता, पण तो पुरेसा नव्हता.

तरीही पुढची कित्येक वर्षं हा धडा फारसा मनावर घेतला गेला नाही. १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना चक्रव्यूहात पळवायला उंदीर दिले. काहींना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार जातीचे, बाकीच्यांना सांगितलं की मठ्ठ. उंदरांची वाटणी मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारखी झालेली होती. 'हुशार' उंदरांची कामगिरी सरस ठरली! माहिती गोळा करणाऱ्यापासून गट लपवून ठेवायचा, हा आग्रह यानंतर वाढत गेला.

पण अपेक्षा आकडेमोडीतही शिरते, हे लक्षात यायला आणखी अर्धं शतक गेलं. कुणाचे आकडे वगळायचे, नमुना किती झाला की थांबायचं, कोणती तुलना छापायची, हे सगळं आकडे हाती आल्यावर ठरवायची मोकळीक संशोधकाला होती. सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन या संशोधकांनी २०११ मध्ये तीच मोकळीक मुद्दाम वापरून दाखवलं, की एक गाणं ऐकल्यानं माणसाचं वय जवळपास दीड वर्षानं घटतं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सांख्यिकीय कसोटीवर उतरलेला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच उतरला.

पूर्वनोंदणी यावरचा उपाय. गृहीतक, नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची रीत आकडे गोळा करण्याआधी लिहून, तारखेसह जमा करायची. 'कॉर्टेक्स' नियतकालिकानं २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं आणि फक्त आराखडा पाहून निबंध तत्त्वतः स्वीकारायला सुरुवात केली. निकाल काहीही लागो, तो छापला जाणार.

अर्थात नोंदणी केली म्हणजे ती पाळली गेलीच असं नाही. नोंदवलेला आराखडा आणि छापलेला निबंध शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. हे काम वेळखाऊ आहे, निबंध तपासणाऱ्या बिनपगारी परीक्षकांच्या गळ्यात पडतं, आणि ते नीट होईल याची सोय अजून फार थोड्या नियतकालिकांनी केली आहे.