गेकोची कात बोटांवर अडकते तेव्हा

कालपर्यंत पिवळाधमक दिसणारा लेपर्ड गेको (घरात पाळली जाणारी ठिपक्यांची पाल) अचानक पिठूळ होतो, कोपरा धरून बसतो, समोर ठेवलेल्या किड्याकडे बघतही नाही. पहिल्यांदाच गेको पाळणारा माणूस घाबरतो. पण बहुतेक वेळा हा आजार नसतो, कात टाकायची वेळ जवळ आलेली असते. वाढत्या वयातली पिल्लं आठवड्या-दोन आठवड्यांनी कात टाकतात, मोठे गेको साधारण महिन्या-दोन महिन्यांनी. सुटलेली कात गेको तोंडाने ओढून काढतो आणि खाऊनही टाकतो. म्हणून टेरेरियममध्ये, म्हणजे त्याच्या काचेच्या पेटीत, काही सापडलं नाही तरी काळजी नको. बघायची ती बोटं.

त्या पांढुरक्या दिवसांत आत काय चाललेलं असतं हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या त्वचेखाली नवी बाह्यत्वचा तयार होत असते. तिच्यावर केराटिनचे (आपली नखं ज्याची बनतात त्या प्रथिनाचे) अतिसूक्ष्म काटे उगवतात आणि ते जुन्या त्वचेच्या सर्वांत आतल्या थरात रुतलेले असतात. नवी त्वचा पक्की झाली की ही गुंतवण सुटते आणि जुना थर मोकळा होतो. काचेवर चढणाऱ्या गेकोंच्या तळव्यांवरचे चिकटणारे केस म्हणजे याच काट्यांचं लांबलेलं रूप. टोके गेकोच्या एकेका पायावर असे सुमारे ५ लाख केस असतात आणि प्रत्येक कातीबरोबर त्यांचा नवा संच येतो! त्यामुळे क्रेस्टेड गेको काचेवरून घसरायला लागला तर आधी तळव्यांवर जुनी कात राहिली आहे का ते पाहावं. लेपर्ड गेकोला असे चिकट तळवे नसतात, त्यामुळे तो ही खूण देत नाही. त्याची बोटं आपणच तपासायची, प्रत्येक पायाची पाचही.

हवा कोरडी असेल तर सुटत आलेली कात वाळते आणि आक्रसते. पाठीवर, पोटावर त्याने फारसं बिघडत नाही. पण बोटाभोवती किंवा शेपटीच्या टोकाशी तिचं कडं तयार होतं आणि घट्ट दोरा गुंडाळावा तसा रक्तपुरवठा आवळला जातो. पुढच्या खेपेला त्याच्यावर आणखी एक कडं चढतं. बोट सुजतं, काळपट पडतं, शेवटी गळून जातं. लेपर्ड गेकोची शेपटी तुटली तर पुन्हा येते, बोट येत नाही.

मग या कोरड्या मुलखातल्या प्राण्याला ओलावा कशाला, असं वाटेल. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, रखरखीत भागातला, हे खरं. पण दिवसभर तो कपारीत आणि बिळात दडून असतो, आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. टेरेरियममध्ये ती कपार आपण द्यायला हवी. एक झाकणाचा डबा घ्यावा, आत-बाहेर करण्यापुरतं भोक पाडून त्याची कड घासून गुळगुळीत करावी आणि आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा टिश्यू पेपर घालावा. बाकी टेरेरियमची आर्द्रता ३० ते ४० टक्के असली तरी चालते, डब्यातली ७०-८० टक्क्यांच्या आसपास हवी. अख्खं टेरेरियम ओलं करून ठेवू नये, त्याने त्वचेचे आणि श्वसनाचे विकार जडतात. न्यू कॅलेडोनियातल्या दमट जंगलांतून आलेल्या क्रेस्टेड गेकोचं गणित वेगळं: त्याला रात्री पाण्याची फवारणी आणि दिवसा थोडं सुकणं, दोन्ही लागतं. माझं ठाम मत आहे की, एक साधा आर्द्रतामापक आणि हा ओला डबा एवढ्यानेच बहुतेक तक्रारी टळतात.

तरीही कात अडकलीच तर आधी पाणी, मग हात. हवेसाठी भोकं पाडलेल्या डब्यात ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचं कोमट पाणी जेमतेम पाय बुडतील इतकं घ्यावं आणि गेकोला पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवावं. तेवढा वेळ तिथून हलू नये. मग ओली इअरबड बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच फिरवावी. मऊ झालेली कात गोळा होऊन निघते. नाही निघाली तर त्या दिवशी सोडून द्यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोमट पाण्यात ठेवावं. कोरडी कात ओढणं किंवा चिमट्याने उपटणं हा सरळ अघोरीपणा आहे, कारण खालची गुंतवण सुटलेली नसेल तर नवी त्वचाही तिच्याबरोबर फाटते. शेपटी तर पकडूच नये, घाबरला की गेको ती टाकून देतो.

डोळ्यांच्या बाबतीत घरगुती प्रयोग नकोतच. लेपर्ड गेकोच्या पापणीखाली कातीचा तुकडा राहिला तर डोळा बंद राहतो, सुजतो, आणि शिकार दिसेनाशी झाल्यामुळे खाणंही सुटतं. अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यच गाठावा.

ओलावा व्यवस्थित असूनही दर वेळी कात अडकत असेल, तर कारण आत शोधावं लागतं. गोचीडवर्गातले बारीक किडे, पोटातले परजीवी, अपुरी ऊब, कुपोषण. अ जीवनसत्त्वाची कमतरता हेही एक कारण असतं. आपण खाऊ घालतो त्या किड्यांमध्ये ते फारच थोडं असतं. पण म्हणून माणसांसाठीचे थेंब अंदाजाने पाजू नयेत, अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी त्वचा सोलवटते. मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची. आणि बोट सुजलेलं किंवा काळं दिसत असेल तर कोमट पाण्याचे प्रयोग करत बसू नये, त्याच दिवशी त्याच्याकडे न्यावं.